घट्ट बसलेले फ्रीव्हील सोडवताना...

शिरगाव (ता. मावळ) : सायकलच्या मागच्या चाकाची एक तार तुटते. नवी तार चार-दोन रुपयांची वस्तू. काम किरकोळ वाटते. पण तार जर साखळीच्या बाजूची असेल तर ती हबच्या भोकातून ओवायला जागाच नसते, कारण ती जागा फ्रीव्हीलच्या दातेरी चक्राने झाकलेली असते. म्हणजे आधी फ्रीव्हील काढणे आले. वीस-पंचवीस वर्षे हाललेले नसेल, तर ते सहजासहजी निघत नाही. पाना घसरतो, खाचा झिजतात, छिन्नी-हातोडी बाहेर येते आणि अखेर 'चाकच बदला' असा सल्ला मिळतो. एका तारेपायी हब, रिम आणि चाळीस तारा असे सगळे भंगारात जाते.

पवनाकाठच्या शिरगावात किंवा आसपासच्या सोमाटणे, परंदवडी, गहुंजे, दारुंबरे या गावांत पडवीत उभी असलेली जुनी काळी सायकल ही अशा सल्ल्याची हमखास बळी. 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साई मंदिरामुळे शिरगावचे नाव सर्वदूर गेले आणि गावाच्या वाटेवर मोटारींची वर्दळ वाढली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. सायकलस्वाराला जुना महामार्ग आणि गावांमधले अंतर्गत रस्तेच वापरावे लागतात. शेतावर जायला, दूध घालायला, फाट्यापर्यंत पोहोचायला या वाटांवर सायकल आजही उपयोगी पडते. ती पुन्हा चालती करण्याच्या आड अनेकदा येतो तो हा एकच सुटा भाग. तो का अडतो, हे नीट समजून घेतले तर दहापैकी बहुतेक वेळा हब वाचवता येते.

जो गुण, तोच दोष

फ्रीव्हील म्हणजे एकाच दिशेने जोर पोहोचवणारे चक्र. पायडल मारले की चाक फिरते. पायडल थांबवले तरी चाक फिरतच राहते आणि मागून परिचित कटकट ऐकू येते. हा आवाज आतल्या खटक्यांचा. फ्रीव्हीलचे मुख्य भाग दोन. बाहेरचे कडे, ज्यावर साखळीचे दाते असतात आणि ज्याच्या आतल्या अंगाला करवतीसारखे तिरके दाते कापलेले असतात. आतला गाभा, जो हबवर आट्यांनी घट्ट बसवलेला असतो आणि ज्यावर स्प्रिंगने उचललेले खटके असतात. साखळी पुढे ओढली गेली की खटके तिरक्या दात्यांत अडकतात आणि कडे, गाभा, हब व चाक असे सगळे एकत्र फिरते. साखळी थांबली की खटके दात्यांवरून घसरत जातात. दोन्ही भागांमध्ये बारीक छर्ऱ्यांच्या ओळी असतात. त्यांच्यामुळे कडे गाभ्याभोवती सुरळीत फिरते.

अडचणीचे मूळ या रचनेतच आहे. जुन्या सायकलींत हबच्या उजव्या टोकाला आटे कापलेले असतात आणि फ्रीव्हील त्यांवर नटासारखे फिरवून बसवतात. भारतात रूढ झालेल्या ब्रिटिश मापानुसार या आट्यांचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर आणि एका इंचात २४ आटे असतात. आटे उजव्या हाताचे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास घट्ट होणारे. सायकल उजवीकडून पाहिली तर पुढे जाताना चाकही याच दिशेने फिरते. याचा अर्थ, पायडलचा प्रत्येक फेरा फ्रीव्हीलला हबवर आणखी आवळत असतो.

उलट दिशेने जोर द्यायला मात्र काहीच वाव नसतो. पायडल मागे फिरवले तर खटके निसटतात आणि कडे नुसते मोकळे फिरते. ज्या गुणामुळे उतारावर पाय स्थिर ठेवून आरामात जाता येते, त्याच गुणामुळे वर्षानुवर्षे आवळल्या गेलेल्या या आट्यांवर सैल करणारा ताण कधीच येत नाही. दातेरी कड्याला कितीही घट्ट पकडून उलटे फिरवले तरी फ्रीव्हील निघत नाही, त्याचेही कारण हेच. ते काढायचे तर आतला गाभाच पकडावा लागतो.

ताकदीचा हिशेब

ही आवळणी किती असते, याचा साधा हिशेब मांडता येतो. साठ किलो वजनाचा माणूस चढावर सीटवरून उठून सगळा भार एका पायडलवर टाकतो असे समजू. पायडलचा दांडा १६५ मिलिमीटर लांब आणि पुढचे चक्र ४४ दात्यांचे असेल, तर साखळीवर सुमारे ११० किलोची ओढ बसते. म्हणजे स्वाराच्या वजनाच्या पावणेदोन पटींहून अधिक. मागचे फ्रीव्हील १८ दात्यांचे धरले, तर त्याला आवळणारा पीळ एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला चार किलो वजन टांगल्याइतका भरतो.

हा आकडा ऐकायला मोठा नाही. पण असा पीळ दर फेऱ्याला, हजारो वेळा, तोही धक्क्यांसह बसतो. त्यात गंज मिसळतो. लोखंड गंजले की मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांमधली सूक्ष्म फट गंजाने भरून जाते आणि दोन भाग जणू एकजीव होतात. मावळात या गंजाला निमित्तांची वाण नाही. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगाव-शिरगावकडे येताना तो झपाट्याने कमी होत असला, तरी चार महिने भातखाचरांच्या बांधावरून, चिखलातून आणि ओल्या गोठ्यातून फिरणारी सायकल कोरडी राहत नाही. हबच्या मागच्या फटीत अडकलेला चिखल ओलावा धरून ठेवतो आणि काम तिथेच बिघडत जाते.

मग सोडवायला किती जोर लागतो? मूळ आवळणीच्या दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही अधिक. हातभर पान्याचा उपयोग का होत नाही, हे इथे कळते. पाव मीटर लांबीच्या पान्यावर तीस किलोचा जोर लावला, तर पीळ होतो मीटरच्या दांड्यावर साडेसात किलोइतका, म्हणजे आवळणीच्या दुपटीहूनही थोडा कमीच. पण पानाच स्थिर ठेवला आणि चाक फिरवले तर? जुन्या २८ इंची चाकाच्या रिमची त्रिज्या सुमारे ३२ सेंटिमीटर असते. दोन हातांनी रिम समोरासमोर धरून प्रत्येकी तीस किलोचा जोर दिला, तर पीळ होतो मीटरवर १९ किलोइतका. तोच माणूस, तेवढाच जोर. पण परिणाम अडीच पट. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणतात ती अशी.

या हिशेबातून निघणारा धडा महत्त्वाचा आहे : फ्रीव्हील निघेपर्यंत चाकाच्या तारा कापू नयेत. रिम सडली, हब तेवढे वाचवू, या विचाराने अनेकजण प्रथम तारा कापून टाकतात. त्यानंतर हातात उरते एक गुळगुळीत गोल नळी. तिला धरायला जागा नसते आणि व्हाइसमध्ये आवळली तर ती चेपते. चाक हेच या कामातले सर्वांत मोठे अवजार आहे. ते आधीच मोडून टाकल्यावर सुटणारे फ्रीव्हीलही सुटेनासे होते.

खाचा की भोके?

काम सुरू करण्यापूर्वी फ्रीव्हीलचा चेहरा नीट पाहावा. चाक काढून, धुऊन, ब्रशने चिखल-वंगण साफ केले की मध्यभागी, आसाच्या लगत, गाभ्याला कापलेल्या खाचा दिसतात. काही फ्रीव्हीलना समोरासमोर दोन खाचा असतात, काहींना चार. गियरच्या सायकलींच्या बऱ्याच फ्रीव्हीलना आतून बारीक दात्यांची रांग असते. प्रत्येक प्रकारासाठी वेगळे अवजार मिळते. दुकानदार त्याला फ्रीव्हील रिमूव्हर म्हणतात. दिसायला ते जाड नटासारखे असते. एका बाजूला खाचांत बसणारे दात आणि दुसऱ्या बाजूला पाना किंवा व्हाइस लागण्यासाठी सपाट कडा. खाचांशी न जुळणारे अवजार वापरण्यापेक्षा काम थांबवलेले बरे. एकदा खाचेच्या कडा गोल झाल्या की योग्य अवजारही तिथे टिकत नाही.

याच ठिकाणी एक गफलत नेहमी होते. फ्रीव्हीलच्या दर्शनी कड्यावर दोन लहान भोकेही असतात. ती फ्रीव्हील काढण्यासाठी नसतात. ते कडे म्हणजे छर्रे आणि खटके आत ठेवणारे झाकण. त्याचे आटे डाव्या हाताचे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यास उघडते. भोकांत टोच्या घालून, हातोडीने ठोकून, उलट दिशेला तासभर झुंजणारा माणूस प्रत्यक्षात ते झाकण आणखी घट्ट करत असतो. खाचा गाभ्याच्या, भोके झाकणाची, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी दमछाक वाचते.

पद्धत

पहिली पायरी तेलाची. गंजात शिरणारे पातळ तेल बाजारात फवाऱ्याच्या डब्यात मिळते. ते कुठे सोडायचे, हे महत्त्वाचे. दातेरी कडे आणि गाभा यांच्यामधल्या फटीत सोडलेले तेल छर्ऱ्यांमध्ये जाते. आट्यांपर्यंत पोहोचत नाही. आट्यांकडे जाण्याच्या वाटा दोन : मागच्या बाजूने, म्हणजे तारांच्या आतून, फ्रीव्हीलची पाठ हबला टेकते ती फट आणि पुढून, गाभ्याच्या आत जिथे हबचे टोक दिसते ती कड. चाक आडवे ठेवून आधी एका बाजूने, काही तासांनी उलटून दुसऱ्या बाजूने तेल सोडावे. रात्रभर थांबावे. घाईच्या दुकानात ही पायरी गाळली जाते आणि मग त्या रात्रीच्या विश्रांतीची भरपाई हातोडीने करावी लागते.

दुसरी पायरी अवजार बसवण्याची. आसाचे नट, वायसर आणि अवजाराच्या आड येणारी कॉलर काढून घ्यावी. रिमूव्हर खाचांत पूर्ण खोल बसला पाहिजे. त्यानंतर आसाचा नट त्याच्यावर परत लावून हलकेच आवळावा. जोर देताना अवजार उडी मारून खाचेबाहेर येऊ नये, हा त्याचा हेतू. दोन खाचांच्या फ्रीव्हीलला तर या नटाशिवाय हात लावू नये.

तिसरी पायरी जोराची. भक्कम टेबलाला बसवलेला बेंच व्हाइस असेल तर उत्तम. रिमूव्हरच्या सपाट कडा व्हाइसच्या जबड्यात घट्ट धराव्यात. चाक वर आडवे, फ्रीव्हील खाली. रिमला दोन्ही बाजूंनी धरून, वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, म्हणजे मोटार डावीकडे वळवताना स्टिअरिंग फिरवतात तसे, चाक फिरवावे. जोर हळूहळू वाढवत न्यावा आणि शेवटी एक सलग झटका द्यावा. सुटण्याच्या क्षणी 'कट्' असा मोठा आवाज होतो. काहीतरी मोडले की काय, अशी शंका येते. बहुतेक वेळा तो गंजाची पकड सुटल्याचाच आवाज असतो.

इथे थांबणे आवश्यक. आटे इंचाला २४ असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला फ्रीव्हील एक मिलिमीटरहून थोडे जास्त वर सरकते. वर लावलेला नट तसाच ठेवला तर ते त्याच्यावर दाबले जाते आणि आस किंवा अवजार दुखावते. म्हणून पहिल्या अर्ध्या फेऱ्यानंतर नट सैल करावा, पुढच्या फेऱ्यांत काढूनच टाकावा. पहिला पाव फेरा तेवढा कठीण. नंतरचे फेरे बोटांनीही निघतात.

व्हाइस नसेल तर लांब पाना आणि त्याच्यावर सरकवलेला लोखंडी पाइप हा पर्याय. टायर चढवलेले चाक भिंतीला टेकवून उभे करावे, फ्रीव्हील आपल्याकडे ठेवावे आणि पाना घड्याळाच्या उलट दिशेने, शक्यतो वरून खाली दाबत न्यावा. अर्धा मीटर लांबीच्या पाइपच्या टोकाला तीस-चाळीस किलो भार दिला, तरी व्हाइसच्या जवळपास जाणारा पीळ मिळतो.

आचेचा मोह

तेलाने भागले नाही की अनेकांना स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी आठवते. तापवल्याने धातू प्रसरण पावतो हे खरे. पण कोणता धातू किती, याचा विचार हवा. हब पोलादाचे आणि फ्रीव्हीलही पोलादाचे असेल, तर बाहेरचे फ्रीव्हील आधी तापते, किंचित फुगते आणि पकड ढिली होण्यास मदत होते. पण नंतरच्या काळातील अनेक हब अॅल्युमिनियमची आहेत. तापमान ८० अंशांनी वाढले, तर ३४.८ मिलिमीटर व्यासाचे पोलाद सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच व्यासाचे अॅल्युमिनियम ०.०६ मिलिमीटरने. हब आत आणि फ्रीव्हील बाहेर असल्याने, दोन्ही सारखेच तापले की आतले हब जास्त फुगून फ्रीव्हीलला आणखी घट्ट धरते. म्हणजे ज्या उपायाने जुने लोखंडी हब सुटते, त्याच उपायाने अॅल्युमिनियमचे हब अधिक अडते.

चुंबक लावून पाहिले की हब कशाचे आहे हे लगेच कळते. लोखंडाला चिकटतो, अॅल्युमिनियमला नाही. लोखंडी हब असेल तर उघड्या ज्योतीऐवजी उकळते पाणी फक्त फ्रीव्हीलवर ओतून लगेच जोर द्यावा. तेल किंवा रॉकेल लावलेल्या भागाजवळ ज्योत नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय जास्त आचेने फ्रीव्हीलच्या आतले वंगण जळते.

छिन्नी कधी, कशी

रस्त्याकडेच्या दुकानात आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे खाचेत छिन्नी किंवा पंच तिरका टेकवून हातोडीचे घाव घालणे. तिला सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. सलग जोराने न सुटणारा गंज आघाताने तडकतो, हे तिच्यामागचे तत्त्व बरोबरच आहे. दोष असतो तो क्रमात. छिन्नीने आधी खाचा बिघडवायच्या आणि मग रिमूव्हर शोधायचा, ही वाट उलटी. रिमूव्हरने, तेलाने, लांब दांड्याने निघत नसेल तरच छिन्नी. तीही दोन्ही खाचांना आळीपाळीने, घड्याळाच्या उलट दिशेनेच. घाव हबच्या पाळीवर, म्हणजे तारांची भोके असलेल्या चकतीवर, पडता कामा नये. अॅल्युमिनियमची पाळी एका चुकलेल्या घावानेही तडकते. असे हब पुढे रस्त्यात मोडले तर त्याचा त्रास थेट स्वाराला होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. गंजाचा कण किंवा छिन्नीची कपची उडायला क्षण पुरतो.

फ्रीव्हीलचा त्याग

खाचा पूर्ण झिजल्या असतील तर शेवटचा मार्ग उरतो : फ्रीव्हीलवर पाणी सोडायचे आणि हब वाचवायचे. अशा वेळी मघाशी सांगितलेले झाकण उपयोगी पडते. त्याच्या दोन भोकांपैकी एकात पंच टेकवून घड्याळाच्या दिशेने ठोकले की ते उघडते. खाली कापड किंवा ताट धरलेले असावे. डझनावारी छर्रे, खटके आणि केसासारख्या स्प्रिंगा क्षणात विखुरतात. दातेरी कडे उचलून काढले की हबवर उरतो तो उघडा गाभा. त्यावर खटक्यांच्या खोबणी असल्याने व्हाइसच्या जबड्याला धरायला पुरेशी जागा मिळते. गाभा जबड्यात शक्य तितका आवळून चाक पुन्हा त्याच दिशेने, वरून पाहताना घड्याळाच्या उलट, फिरवावे. व्हाइस नसेल तर नळकाम करणाऱ्यांचा पाइप पानाही चालतो. गाभा चिरडला तरी हरकत नाही; त्याचे आयुष्य तसेही संपलेले असते.

इतक्यानेही हलले नाही तर गाभ्याला ग्राइंडरने एका ठिकाणी चीर पाडून, छिन्नीने ती रुंदावण्याचा उपाय आहे. चीर आट्यांपर्यंत जाता कामा नये. आट्यांच्या वर थोडा धातू शिल्लक ठेवून थांबावे लागते. हे काम सरावलेल्या हातांचे. तळेगाव किंवा चाकणच्या औद्योगिक परिसरात लेथवर काम करणारा कारागीर ते अधिक खात्रीने करू शकतो. हबचे आटे एकदा कापले गेले की सारी मेहनत वाया जाते.

हब एवढे मोलाचे का?

नवे फ्रीव्हील सहज मिळते. मग जुन्या हबसाठी इतका खटाटोप कशाला, असा प्रश्न पडू शकतो. पहिले कारण मापाचे. जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असतात. अलीकडच्या अनेक हबना ३६ भोके असतात. ती ४० भोकांच्या रिमवर बसत नाहीत. हब बदलायचे म्हणजे पुष्कळदा रिम आणि सगळ्या तारा बदलणे आले, शिवाय चाकाचा आउट काढण्याची मजुरी वेगळी.

दुसरे कारण इतिहासाचे. ज्या कारखान्यांची नावे या जुन्या हबवर कोरलेली दिसतात, त्यांपैकी काही आता उरलेले नाहीत. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता; पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा. दोन्ही इतिहासजमा झाले. सोनीपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या अॅटलसने आपला साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद केला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात अशा सायकली जपून ठेवलेल्या पाहायला मिळतात. गावातल्या सायकलीला संग्रहालयाची काच मिळत नाही. ती चालती राहिली तरच टिकते.

तिसरे कारण रोजच्या गरजेचे. मुंबईत १८९० पासून डबे पोहोचवण्याची परंपरा चालवणाऱ्या डबेवाल्यांपैकी कितीतरी जण मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. लोकलमधून उतरलेले डबे सायकलच्या दांड्याला, कॅरिअरला लटकवून कचेऱ्यांपर्यंत नेले जातात. अशा सायकलीच्या मागच्या चाकावर भार मोठा. तारा तुटणे आणि फ्रीव्हील काढावे लागणे हे तिथे ओघानेच येते. एक दिवस चाक अडले तर कामच अडते.

नवी रचना, जुना कारागीर

आट्यांच्या फ्रीव्हीलची ही अडचण सायकल उद्योगाने ओळखली नव्हती असे नाही. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या फ्रीहब रचनेत खटक्यांची यंत्रणा हबचाच भाग झाली आणि दातेरी चक्रे तिच्यावर सरकवून बसवण्याची सोय झाली. अख्खे फ्रीव्हील हबवर आवळणारे आटेच त्यात उरले नाहीत. चक्रांची ही चळत, म्हणजे कॅसेट, काही मिनिटांत निघते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढून 'घाटाचा राजा' होण्यासाठी झुंजणाऱ्या स्पर्धकांच्या आजच्या सायकली याच रचनेच्या. साध्या, बिनगियरच्या सायकलीवर मात्र आट्यांचे फ्रीव्हील टिकून आहे, कारण ते स्वस्त आणि दणकट आहे.

टिकून राहिलेल्या या भागासोबत तो काढण्याचे कसबही टिकायला हवे. सायकल दुरुस्तीच्या दुकानांची जागा मोटारसायकलींच्या गॅरेजनी घेतली तसे हे काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत. दुकानात व्हाइस आहे का, रिमूव्हर आहे का, एवढे दोन प्रश्न ग्राहकाने विचारले तरी आपले चाक कोणाच्या हाती द्यावे याचा अंदाज येतो.

पुन्हा अडू नये म्हणून

फ्रीव्हील निघाल्यावर खरे तर अर्धेच काम झालेले असते. हबचे आटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करावेत, फडक्याने पुसून कोरडे करावेत. आट्यांच्या कडा दुमडल्या आहेत का, हे उजेडात पाहावे. मग सर्व आट्यांवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. ही पायरी आधीच्या कोणीतरी गाळलेली असते म्हणूनच पुढच्याला झुंजावे लागते.

नवे फ्रीव्हील बसवताना ते प्रथम किंचित उलटे, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, फिरवावे. आट्यांची तोंडे जुळली की हाताला हलकासा धक्का जाणवतो. मग सरळ दिशेने बोटांनी फिरवत न्यावे. पहिल्या दोन फेऱ्यांत जोर लागत असेल तर आटे तिरके बसत आहेत असे समजून लगेच मागे यावे. शेवटी पान्याने आवळण्याची गरज नसते. हाताने बसेल तेवढे बसवले की पुढची आवळणी पायडल करते. पहिल्या चढावर ते किंचित सरकून घट्ट होते आणि मागचे चाक क्षणभर ढिले पडल्यासारखे वाटते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

त्यानंतर दर पावसाळा संपल्यावर हबच्या मागच्या फटीतला चिखल काढून तिथे तेलाचे दोन थेंब सोडावेत. दोन-तीन वर्षांतून एकदा, तार तुटलेली नसली तरी, फ्रीव्हील सोडवून, ग्रीस लावून परत बसवावे. अर्ध्या तासाचे हे काम वेळेवर झाले, तर हबवर हातोडी उगारण्याची वेळ सहसा येत नाही.